पाण्यातून वाचलेल्या मुलाच्या छातीतली बुरशी: काठापासून चार महिन्यांपर्यंत काय करायचं

मूल विहिरीतून, शेततळ्यातून किंवा नाल्यातून जिवंत बाहेर निघतं. दोन-चार दिवस ऑक्सिजनवर राहतं, घरी येतं. घरचे दृष्ट काढतात, देवाला नारळ फोडतात. आणि तीन आठवड्यांनी पोराला पुन्हा ताप भरतो. हा ताप त्या पाण्याचा असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. बुडण्याचा विषय सगळ्यांच्या लेखी मिटलेला असतो.

आधीच सांगतो, बुडता-बुडता वाचलेल्या मुलांना बुरशीचा फुप्फुसदाह होणं फार दुर्मिळ आहे. बहुतेक मुलं या वाटेला कधीच जात नाहीत. पण ज्याला होतो त्याचं निदान उशिरा होतं, आणि या आजारात उशीर जीवघेणा ठरतो. म्हणून आईवडील आणि गावातले, तालुक्यातले डॉक्टर अशा दोघांसाठी हे लिहीत आहे. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते मुलाच्या वजनावर आणि रक्तातल्या पातळीवर ठरतात, आणि ते ठरवण्याचं काम उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचंच आहे.

ही बुरशी कोणती

सगळ्यात आधी ओळख करून घ्यायची ती सेडोस्पोरियमची. पुस्तकांत पूर्ण नाव सेडोस्पोरियम एपिओस्पर्मम असं असतं, जुन्या पुस्तकांत स्यूडॅलेशेरिया बॉयडी. ही मातीत, शेणखतात, सांडपाण्यात, साचलेल्या डबक्यात आणि तळ्याच्या गाळात राहते. कमी ऑक्सिजन आणि खारटपणा तिला चालतो, त्यामुळे जिथे इतर बुरशा तग धरत नाहीत तिथे ही सुखाने वाढते. मूल पाण्यात धडपडतं तेव्हा तळाचा गाळ ढवळून वर येतो आणि त्या गढूळ पाण्याचे घोट श्वासनलिकेत जातात. एरवी हवेतून दिवसभरात थोडेथोडे बीजाणू (बुरशीच्या बिया) आत जातात आणि शरीर ते निपटून टाकतं. इथे एका मिनिटात मोठा साठाच फुप्फुसात उतरतो, आणि तोही पाण्याने आधीच जखमी झालेल्या फुप्फुसात. म्हणूनच प्रतिकारशक्ती उत्तम असलेल्या धडधाकट मुलालाही हा आजार होऊ शकतो. ‘याला मधुमेह नाही, कॅन्सर नाही, मग बुरशी कशी होईल?’ हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

दुसरी ॲस्परजिलस. तिसरी, त्याहून क्वचित, म्यूकर, म्हणजे 2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्या घराघरात पोचलेली ‘काळी बुरशी’. ही तीन नावं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा उपचार यांतलं नेमकं कोणतं नाव निघतं त्यावर उभा आहे.

2004 च्या त्सुनामीतून वाचलेल्यांमध्ये आणि पुन्हा 2011 च्या जपानच्या त्सुनामीतून वाचलेल्यांमध्ये सेडोस्पोरियमने मेंदूत गळू झाल्याच्या नोंदी आहेत. समुद्राचं स्वच्छ खारं पाणी एकवेळ इतकं धोक्याचं नसतं. किनारा, शेतं, गटारं उपसून आलेलं पाणी मात्र धोक्याचं. आपल्याकडे पुराचं पाणी याच जातीचं. क्लोरीन घातलेल्या स्विमिंग पूलमध्ये ही शक्यता बरीच कमी, आणि गोठ्याशेजारच्या डबक्यात, गाळ साचलेल्या शेततळ्यात, खाणीच्या खड्ड्यात किंवा नाल्यात जास्त.

काठावर: पोट दाबू नका

मुलाला उलटं टांगून फिरवणं, पालथं घालून पाठीवर चढणं, पोट दाबून ‘पाणी काढणं’ हे प्रकार अजून सर्रास चालतात. फुप्फुसातलं पाणी असं निघत नाही. निघतं ते पोटातलं, आणि उलटी होऊन तेच अन्न-पाणी पुन्हा फुप्फुसात जातं. मूल श्वास घेत नसेल तर त्याला कडक जमिनीवर उताणं ठेवा, तोंडातला दिसणारा चिखल किंवा शेवाळ बोटाने काढा आणि आधी तोंडाने दोन ते पाच श्वास द्या. हालचाल नसेल तर लगेच छाती दाबायला लागा. एकटे असाल तर 30 दाब आणि 2 श्वास, दोघे असाल तर 15 आणि 2. बुडालेल्या मुलाला हवेची निकड सगळ्यात मोठी असते, म्हणून नुसती छाती दाबून भागत नाही. दुसऱ्या कुणाला 108 ला फोन करायला लावा.

मूल खोकून, रडून शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच, आणि सहा ते आठ तास तिथे थांबायचं. पहिला एक्स-रे अगदी स्वच्छ असू शकतो.

चिठ्ठी

या सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, एका कागदावर लिहून ठेवा:

‘तारीख आणि वेळ. पाणी कोणतं: विहीर, शेततळं, नदी, नाला, खाण, पूर. गढूळ होतं का, तळाला गाळ होता का, जवळ गोठा किंवा गटार होतं का. अंदाजे किती मिनिटं पाण्यात. बाहेर काढलं तेव्हा श्वास होता का. तोंडात चिखल होता का. उलटी झाली का. तोंडाने श्वास कुणी दिला.’

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना विनंती करून यातलं पहिलं वाक्य कार्डावर लिहून घ्या: ‘अमुक तारखेला गढूळ पाण्यात बुडण्याचा प्रसंग, पाणी फुप्फुसात गेलं.’ कागदाचा फोटो काढून आई, बाबा आणि आजोबा-आजी अशा सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. पुढच्या चार महिन्यांत मुलाला कुठल्याही डॉक्टरकडे, कुठल्याही तक्रारीसाठी न्या, बोलणं या वाक्यापासूनच सुरू करा. विसर्जनाच्या दिवशी पाण्यात गेलेल्या मुलाची चिठ्ठी संक्रांत उलटेपर्यंत खिशात राहायला हवी. धुळवडीला नदीत बुडालेल्याची आषाढीपर्यंत.

चिठ्ठीवर ‘नियर ड्राउनिंग’ (बुडता-बुडता वाचणं) लिहिलं तरी चालेल, डॉक्टरांना कळतं. मात्र 2002 साली ॲम्स्टरडॅमच्या जागतिक परिषदेत हा शब्द सोडून द्यायचं ठरलं. पाण्यामुळे श्वास अडला की ते बुडणंच, मग माणूस जगो वा न जगो. ही व्याख्या मला पटते. ‘बुडता-बुडता वाचला’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, काही झालंच नाही.

पहिला आठवडा: काय द्यायचं नाही

पहिल्या दोन दिवसांत धाप लागते ती बहुधा जंतूंमुळे लागत नाही. पाण्याने फुप्फुसातला स्निग्ध थर धुऊन गेलेला असतो आणि सूज आलेली असते. या टप्प्यावर ‘खबरदारी म्हणून’ अँटिबायोटिक देऊन फायदा होत नाही, आणि खबरदारी म्हणून बुरशीचं औषधही द्यायचं नाही. स्टेरॉइडचंही तसंच. डेक्सामेथासोनने बुडालेलं फुप्फुस लवकर बरं होतं असा पुरावा नाही, आणि बुरशीला मात्र त्याने रान मोकळं होतं. 2021 मध्ये हे आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आठवडाभरात ताप आला, कफ वाढला, एक्स-रेवर नवीन डाग आला, तर आधी बॅक्टेरियाचा न्यूमोनिया धरायचा. पाण्यातून येणारे एरोमोनास आणि स्यूडोमोनास हे त्यातले नेहमीचे. कोकणात आणि एकूणच पश्चिम किनारपट्टीला आणखी एक नाव डोक्यात हवं: मेलिऑइडोसिस. त्याचा जंतू ओल्या मातीत आणि भातखाचरात असतो, छातीत टीबीसारखं चित्र उभं करतो, आणि लॅबमध्ये ‘स्यूडोमोनास’ म्हणून सहज खपून जातो. नमुना पाठवताना ‘बुडण्याचा प्रसंग, मेलिऑइडोसिसचा जंतू बघावा’ एवढी ओळ घातली तर पुढचा बराच घोळ वाचतो.

मूल व्हेंटिलेटरवर असेल तर नळीतला स्राव बॅक्टेरियाच्या कल्चरबरोबर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) फंगल, म्हणजे बुरशीच्या, कल्चरलाही पाठवा, आणि एकदा पाठवून थांबू नका. श्वासनलिकेत चिखल किंवा वाळू असेल तर ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे आत दुर्बीण घालून, ती काढणं फायद्याचं. घाणही निघते, नमुनाही मिळतो.

बुरशीची शंका कधी घ्यायची

जंतूला लागू पडणारं अँटिबायोटिक चार-पाच दिवस नीट देऊनही ताप हटत नाही. किंवा मूल सुधारत होतं आणि दहाव्या-पंधराव्या दिवशी पुन्हा घसरलं. खोकल्यातून रक्त आलं. सीटी स्कॅनवर गोल गाठी किंवा पोकळ्या दिसू लागल्या. यातलं काहीही झालं की बुरशी यादीत वर आणायची.

आपल्याकडे नेमकी इथेच एक वाट चुकते. छातीत डाग, आठवड्यांचा ताप, वजन उतरलेलं, मग ‘टीबीचं औषध सुरू करून बघू.’ टीबी आपल्याकडे खरंच आहे, त्याची तपासणी करायलाच हवी: कफ किंवा जठरातला स्राव सीबीनॅट या टीबीच्या चाचणीला पाठवायचा. पण पुराव्याशिवाय औषध सुरू केलं तर दोन नुकसानं होतात. महिना वाया जातो हे एक. दुसरं जास्त वाईट. टीबीच्या औषधातलं रिफॅम्पिसिन यकृताचा औषध संपवण्याचा वेग इतका वाढवतं की सेडोस्पोरियमवरचं मुख्य औषध, व्होरिकोनॅझोल, रक्तात टिकतच नाही. रिफॅम्पिसिन थांबवल्यावरही हा परिणाम दोनेक आठवडे रेंगाळतो.

नमुना: लॅबला काय सांगायचं

फुप्फुसात दुर्बीण घालून धुवून काढलेलं पाणी, म्हणजे बीएएल, हा चांगला नमुना. गाठ बाहेरच्या बाजूला असेल तर सीटीच्या मदतीने सुईने घेतलेला तुकडा आणखी चांगला. तुकडा घेतला की त्याचे दोन भाग करा: एक फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणारं, पण बुरशी मारणारं द्रव) पॅथॉलॉजीला, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चरला. ऑपरेशन थिएटरमधून सगळाच तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकून पाठवला जातो आणि बुरशी वाढवून बघायची संधी तिथेच मरते. ही चूक इतकी साधी आहे आणि इतकी महाग, की पालकांनीही आधी विचारावं: ‘कल्चरसाठी वेगळा भाग ठेवणार ना?’

केओएच तपासणीचं (नमुन्यावर रसायन टाकून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) उत्तर त्याच दिवशी मिळतं. बुरशीचे धागे आहेत की नाहीत ते कळतं. धागे रुंद, फितीसारखे, आडपडदे (धाग्यातल्या आडव्या भिंती) जवळजवळ नसलेले आणि काटकोनात फुटणारे दिसले तर म्यूकर. बारीक, आडपडदे असलेले, लघुकोनात फुटणारे दिसले तर ॲस्परजिलस किंवा सेडोस्पोरियम, आणि नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली या दोघांत फरक करणं जवळजवळ अशक्य. रिपोर्टवर ‘ॲस्परजिलससारखे धागे’ असं आलं की वाचणारा ‘ॲस्परजिलस’ वाचतो आणि ‘सारखे’ विसरतो. तो शब्द विसरू नका.

गॅलॅक्टोमॅनन ही चाचणी ॲस्परजिलसमध्ये मदत करते. सेडोस्पोरियम आणि म्यूकरमध्ये ती सहसा निगेटिव्ह येते, म्हणून ती निगेटिव्ह आली म्हणजे बुरशी नाही असा अर्थ काढू नये. बीटा-डी-ग्लुकॅन ही रक्ताची चाचणी सेडोस्पोरियममध्ये पॉझिटिव्ह येऊ शकते, म्यूकरमध्ये येत नाही.

शेवटचा निकाल कल्चरचा. लॅबच्या फॉर्मवर स्वच्छ लिहा: ‘गढूळ पाण्यात बुडण्याचा प्रसंग, सेडोस्पोरियमची शंका, कल्चर चार आठवडे ठेवावं.’ ही बुरशी काही दिवसांत उगवते, आधी पांढरी कापसासारखी, मग उंदराच्या लवेसारखी करडी. पण नमुन्यात इतर जंतू भरपूर असले तर ते हिला झाकून टाकतात. आणि उगवलीच, तर प्रयोगशाळेच्या हवेतून पडलेली घाण समजून ती फेकली जाण्याची भीती असते. बुडालेल्या मुलाच्या नमुन्यात आलेली सेडोस्पोरियम ‘कंटॅमिनंट’ म्हणून सोडायची नाही. पक्की ओळख पटत नसेल तर चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत रोगकारक बुरशांचा राष्ट्रीय संग्रह आणि संदर्भ प्रयोगशाळा आहे. तिथे वाढवलेली बुरशी पाठवता येते.

औषध: नाव कळल्याशिवाय गाडी पुढे नाही

2021 नंतर महाराष्ट्रात बुरशी म्हटलं की अँफोटेरिसिन बी हे समीकरण डॉक्टर-नातेवाईक सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलंय. ते इंजेक्शन मिळवायला लोक जिल्हे पालथे घालत होते. म्यूकरसाठी ते बरोबरच होतं. सेडोस्पोरियमवर मात्र अँफोटेरिसिनचा भरवसा धरता येत नाही, ही बुरशी मुळातच त्याला दाद देत नाही. तिच्यावरचं पहिलं औषध व्होरिकोनॅझोल. ॲस्परजिलसवरही तेच. आणि म्यूकरवर व्होरिकोनॅझोल निकामी. म्हणजे म्यूकरचं औषध सेडोस्पोरियमला चालत नाही, आणि सेडोस्पोरियमचं म्यूकरला. अंदाजाने इंजेक्शन सुरू करून आठवडाभर वाट बघणं या आजारात परवडत नाही. मूल अत्यवस्थ असेल आणि नाव अजून कळलेलं नसेल तर तज्ज्ञ दोन्ही औषधं एकत्र सुरू करतात आणि नाव कळलं की एक थांबवतात. ते समजण्यासारखं आहे.

व्होरिकोनॅझोलला 2002 साली अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि ज्या बुरशांसाठी मिळाली त्यांत सेडोस्पोरियम होती. त्याआधीच्या नोंदींत बुडाल्यानंतर या बुरशीने गाठलेले बहुतेक रुग्ण दगावलेले दिसतात. नंतर वाचलेल्यांच्या नोंदी येऊ लागल्या.

मुलांमध्ये हे औषध लहरी आहे. लहान मुलांचं यकृत ते भराभर संपवतं, म्हणून किलोमागे डोस मोठ्यांपेक्षा जास्त लागतो, आणि तरीही एका मुलाची पातळी दुसऱ्यासारखी येत नाही. म्हणून रक्तातली पातळी मोजायलाच हवी. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, पुढचा डोस द्यायच्या अगदी आधी रक्त घ्यायचं. ती पातळी मिलिलिटरमागे 1 ते 5 मायक्रोग्रॅमच्या आसपास असावी. कमी असेल तर बुरशी मरत नाही, जास्त झाली तर मुलाला भास होतात, यकृताला त्रास होतो. डोस बदलला, दुसरं औषध जोडलं किंवा काढलं, की पुन्हा मोजायचं.

आता फिटच्या औषधाबद्दल. बुडालेल्या मुलाला मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्यामुळे झटके येतात आणि फेनिटॉइन किंवा फेनोबार्बिटोन सुरू होतं. ही दोन्ही, आणि कार्बामॅझेपिनसुद्धा, व्होरिकोनॅझोलची पातळी पाडतात. लेव्हेटिरॅसिटॅम पाडत नाही. झटक्यांचं औषध अचानक स्वतःहून बंद करायचं नाही, पण मेंदूविकारतज्ज्ञांना पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारायचा. फुप्फुसाचे डॉक्टर एका मजल्यावर, मेंदूचे दुसऱ्या मजल्यावर, आणि दोन कागद एकमेकांना भेटत नाहीत, असं घडू देऊ नका. औषधांची एकच यादी करा आणि प्रत्येकापुढे तीच ठेवा.

गोळी किंवा पातळ औषध उपाशीपोटी द्यायचं, जेवणाच्या तासभर आधी किंवा तासाभराने. डोस दिल्यावर थोडा वेळ मुलाला अंधुक किंवा रंग वेगळे दिसू शकतात, ते घाबरण्यासारखं नसतं. ऊन मात्र जपायचं: या औषधावर कातडी भाजल्यासारखी लाल होते. टोपी, पूर्ण बाह्या, दुपारच्या खेळाला सुट्टी. यकृताच्या तपासण्या ठरलेल्या तारखांना होऊ द्या. उपचार महिनोन्‌महिने चालतो, सीटी किंवा एमआरआय निवळेपर्यंत आणि त्यापुढेही. ताप गेला म्हणून महिन्यात औषध सोडणं हा सरळ धोका आहे.

खर्च मोठा असतो. दाखल होतानाच रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्या मागून घ्याव्या लागतात, आपोआप मिळत नाहीत.

डोक्याकडे लक्ष

सेडोस्पोरियमची सगळ्यात वाईट खोड म्हणजे ती फुप्फुसात थांबत नाही. रक्तातून मेंदूत जाते आणि तिथे गळू करते, कधी एक, बऱ्याचदा अनेक. फुप्फुसात ती फारशी खूण न ठेवताही पुढे सरकलेली असू शकते. बुडल्यानंतर काही आठवड्यांपासून ते चार महिन्यांपर्यंत हे दिसून आल्याच्या नोंदी आहेत. म्हणून छातीत ही बुरशी सापडली की डोकं दुखत नसलं तरी मेंदूचा एमआरआय करून घ्यावा. गळू असेल तर औषधाबरोबर न्यूरोसर्जनची गरज लागते: पू काढणं उपचारही असतं आणि तपासणीला नमुनाही.

ऑक्सिजन कमी पडल्याने ज्याच्या मेंदूला आधीच इजा झाली आहे, अशा मुलात हे ओळखणं अवघड जातं. त्याचा चिडचिडेपणा, झोप, झटके सगळं ‘बुडण्याचा परिणाम’ म्हणून खपतं. तिथे डॉक्टरांपेक्षा आईचं निरीक्षण मोलाचं. इजेचा परिणाम हळूहळू निवळतो किंवा जागच्या जागी राहतो. मूल सुधारत असताना मागे जाऊ लागलं, काल बोलत होतं ते शब्द आज गेले, एक पाय ओढू लागलं, सकाळी उठल्या-उठल्या उलटी आणि डोकेदुखी, मान ताठ, नजर तिरपी, नवा झटका, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. सोमवारची ओपीडी बघायची नाही.

घरी

डिस्चार्जनंतर पहिल्या आठवड्यात एकदा दाखवा, मग महिन्यातून एकदा, चार महिने. घरच्या घरी रोज संध्याकाळी ताप बघा आणि वहीत तारखेपुढे आकडा लिहा. आठवड्याला वजन. तीन दिवस सलग ताप, नवा खोकला, वजनात घट किंवा वर सांगितलेली डोक्याची लक्षणं, एवढ्यावरच नजर ठेवायची. बाकी वेळ मुलाला शाळेत जाऊ द्या, खेळू द्या. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे भावंडांना वेगळं निजवायचं कारण नाही, ताट-वाटी वेगळी करायची तर मुळीच नाही.

चार महिने सुरळीत गेले, बुरशीचं निदान कधी झालंच नाही, तर शेवटच्या भेटीत डॉक्टरांना वही दाखवा आणि पुढच्या खेपा थांबवायच्या का ते विचारा. त्या चिठ्ठीचा कागद मग मुलाच्या लसीकरणाच्या कार्डामागे लावून ठेवा, आणि शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून घसरलेलं मूल धरून वर येईल असा गाठी मारलेला दोर चारही काठांना बांधून घ्या.